बस वळायच्या जागेखालची टाकी

मी, खाली सही करणारा, वय ५३ वर्षे, धंदा बांधकामाचे आराखडे करणे, राहणार बस आगारामागची गल्ली, दुसरा मजला, आज सकाळी दहा वाजता कोणी न बोलावता पोलीस ठाण्यात हजर राहून समक्ष सांगतो की,

वरील पत्त्यावर मी पत्नीसह राहतो. खालच्या मजल्यावर वडिलांचे ऑफिस आहे. तेथे वडील, मी व माझा धाकटा भाऊ, वय ४५, असे तिघे काम करतो. ज्यांच्यावरून गाड्या जातात अशा जमिनीखालच्या पाण्याच्या टाक्या हे आमचे मुख्य काम आहे. अशा टाकीचा स्लॅब म्हणजे खालून छप्पर आणि वरून रस्ता. वरून कोणती गाडी जाणार, त्यावर त्याची जाडी व सळया ठरतात. हे काम भावाला मी शिकवले आहे.

वडिलांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर भावाचे तीन आराखडे फ्रेम करून लावलेले आहेत. माझा एकही नाही. याबाबत मी कधी तक्रार केलेली नाही.

मागच्या वर्षी शाळेच्या आवारातील टाकीचे काम आले. आवारात फक्त शिक्षकांच्या मोटारी उभ्या राहतील, असे शाळेने लेखी दिले होते. त्याप्रमाणे भावाने आराखडा केला. तो बरोबर होता. भाऊ मला म्हणाला, "दादा, एकदा नजरेखालून घाल. तू बघितलंस की मला निर्धास्त वाटतं." मी तपासून सही केली. वडील म्हणाले, "बघ हवं तर, पण त्याच्या कामात काढण्यासारखं काही नसतं."

आठ दिवसांनी दुपारी मी ऑफिसात एकटा असताना मुख्याध्यापिकांचा फोन आला. त्या म्हणाल्या, "मुलांना रस्त्यावर उतरवणं धोक्याचं झालंय. आता बस आत घेऊन तिथंच वळवणार. चालेल ना?" मी म्हणालो, "भावाला सांगतो." मी भावाला सांगितले नाही. तेव्हा सळया बांधायला सुरुवातही झाली नव्हती. आराखडा बदलणे एका दिवसाचे काम होते.

स्लॅब भरायच्या दिवशी सर्वांदेखत बसची गोष्ट काढायची, असे मी ठरवले होते. भाऊ ओशाळला असता, काम थांबले असते. त्या दिवशी वडील साइटवर आले. भावाच्या खांद्यावर हात ठेवून मिस्त्रीला म्हणाले, "हा माझा उजवा हात." मी शेजारीच उभा होतो. मी गाडीत जाऊन बसलो. काच वर केली तरी काँक्रीट ओतल्याचा आवाज येत होता.

परवा सकाळी साडेसात वाजता, मुले उतरून वर्गात गेल्यावर बस वळत असताना मागचे चाक स्लॅब फोडून टाकीत गेले. ड्रायव्हरच्या कमरेचे हाड मोडले. मी त्याला रुग्णालयात भेटलो. "सगळी उतरली होती ना?" असे त्याने मला दोनदा विचारले. मी दोन्ही वेळा होय म्हणालो.

आपण फोन केल्याचे मुख्याध्यापिका सांगतात, पण पलीकडे कोण होते ते त्यांना आठवत नाही. काल संध्याकाळी भाऊ वडिलांना म्हणाला, "फोन मीच घेतला असेन. कामाच्या गडबडीत डोक्यातून गेलं असेल. दादाचा यात काही संबंध नाही." जेवताना वडिलांनी त्याला सोडून मला जवळ बसवून घेतले व म्हणाले, "यापुढं सगळं तूच बघ."

तो फोन मी घेतला होता. भावाचा यात काही दोष नाही.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. फोनबाबतच्या मजकुरात हवालदारांनी भावाला "सांगायचे राहून गेले" असे लिहिले होते. माझ्या सांगण्यावरून ते खोडून "सांगितले नाही" असे केले व खाडाखोडीवर मी सही केली. बाकीचा मजकूर मी सांगितला तसाच आहे.