कोपरापर्यंतच्या बाह्या

कुणी सांगितलं होतं सखूकाकूंना डोकं चालवायला? चीनशी लढाई पेटलेली, आणि मी कॉलेजात शब्द देऊन बसलेली, की जवानांसाठी आमच्या गावाहून, मुठ्याहून, एक स्वेटर येणारच. पुढची-मागची बाजू मी विणली. बाह्या शेजारच्या सखूकाकूंवर सोपवल्या. त्यांना विणायला मीच शिकवलं होतं. पुण्याची एसटी सुटायच्या बेतात असताना काकू धावत बाह्या घेऊन आल्या. कोपरापर्यंतच!

"काकू, मनगटापर्यंत हव्या होत्या!"

"आगं, लांब बाही चिखलात भरती. भात लावताना सारखी वर सारत बसायची व्हय?"

"अहो, ते बर्फात उभे आहेत! आता कुठल्या तोंडानं देऊ हे?"

मागून काकूंच्या सासूबाई म्हणाल्या, "निस्ता बरफ? मंग पिकत काय न्हाई, तर भांडत्यात कशापायी?"