चांगली चटई

(ऑकलंडच्या दक्षिणेकडची एक शाळा, सुटल्यानंतरचा वर्ग. बाकांवर कागदी फुलांच्या अर्धवट माळा. पुस्तकांच्या कपाटामागे एक मुलगी बसून आहे; अलीकडे तिच्या वर्गाच्या बाई आणि तिची आत्या फुसी.)

फुसी : कुठल्या कात्रीनं?

बाई : वर्गातल्याच. कागद कापायच्या. बोथट असतात हो त्या, म्हणून तर मुलांच्या हातात देतो.

फुसी : बोथट कात्रीनं एवढे केस? म्हणजे घटकाभर कापत बसली असणार. तेव्हा तुमचं लक्ष कुठं होतं, बाई?

बाई : परवाच्या सणासाठी माळा चालल्या होत्या सगळ्यांच्या. सामोआची मुलं भिंतीवर कापड लावत होती, त्यातला एक स्टुलावरून घसरला, मी तिकडे धावले. परत येते तर लेसीएली जाग्यावर नाही. कपाटामागे सापडली. उजव्या बाजूचे सगळे गेलेत, फुसीताई. मागचे हाताला आले नसावेत.

फुसी : लेसी, बाहेर ये.

बाई : नाही येणार. मी तासभर विनवतेय. तुमचं नाव काढल्यावर तर आणखीच आत सरकली.

फुसी : सरकणारच. दोन महिने घासलीय मी तिला त्या नाचासाठी. मान कशी कलती करायची, बोटं कशी वळवायची, नजर कुठं ठेवायची. पोरीच्या अंगात आहे हो ते, शिकवावं लागत नाही, नुसतं पुसून लख्ख करावं लागतं. आणि आता अर्धं डोकं भादरलेली पोर उभी करू का तिथं, सगळ्या बेटांच्या लोकांपुढं?

बाई : नाचाचं राहू द्या जरा.

फुसी : कसं राहू द्या? माझ्या भावाला शब्द दिलाय मी. आमच्यात वयात आलेल्या भावा-बहिणीनं एका खोलीत बसायचं नसतं. चाळीस वर्षं आम्ही ते पाळलं. शेवटी इस्पितळात त्यानंच मला आत बोलावून घेतलं. नाकात नळ्या. म्हणाला, काही झालं तरी माझी धाकटी शाळेत नाचली पाहिजे. विमानतळावर रात्रपाळी करून यायचा आणि घरी झोपायचं सोडून तुमच्या त्या हॉलच्या दारात उभा राहायचा तालीम बघायला. तुम्हीच एकदा खुर्ची दिली होतीत त्याला.

बाई : दिली होती. बसल्या बसल्या झोपले होते.

फुसी : घोरतसुद्धा होता. पोरी हसत होत्या, आणि ही लाजेनं लाल.

बाई : फुसीताई, एक बोलू? यात माझाही हात आहे. मयताच्या दिवशी मुलांनी केलेली फुलं घेऊन आले होते मी. मागच्या अंगणात तुम्ही थोरल्या दोघींचे केस कापत होता. सालोटे आणि मेलेआने मान खाली घालून बसलेल्या, आणि सगळी माणसं गप्प. मी घाबरले. आमच्या नीवे बेटावर मुलाचे केस कापले की गाव जेवतं, गाणी होतात. तुमच्यात कापतात ते असं, हे मला ठाऊक नव्हतं. मग मी तुमच्या कानाशी लागले. म्हटलं, धाकटीचे राहू देत. लहान आहे, शाळेत मुलं चिडवतील, शिवाय नाच आहे.

फुसी : तुम्ही मागितलं, मी दिलं. आमच्यात बाप गेला की त्याच्या लेकरांवर आत्याची सत्ता. तिनं कापले तर कापले, तिनं सोडले तर सुटले. पोरीची आईसुद्धा मध्ये बोलत नाही. देणारी मी, तेव्हा चुकलं असेल तर माझं. पण चुकलं कुठं? पोरीचे लाडच केले ना? थोरल्या दोघी मागं चुलीच्या धुरात राबत होत्या, हिला शेजारच्या घरी बसवलं, टीव्ही लावून. त्या दोघींना फाटक्या चटया कमरेला, ही आपली चांगल्या चटईत. एवढं जपलं, आणि त्याचे हे पांग फेडले.

बाई : फाटक्या चटया कशाला?

फुसी : अहो, सुतकात कमरेला चटई गुंडाळतो ना आम्ही, तर जेवढं जवळचं लेकरू तेवढी ती मोठी आणि फाटकी. पार घोट्यापर्यंत. दुःख दिसायला नको का माणसाचं? लांबचे पाहुणे येतात ते छोटीशी, नीटनेटकी बांधून.

बाई : म्हणजे लेसीएलीला दिली तशी.

फुसी : ...लहान आहे म्हणून दिली. ती फाटकी फार जड होते.

बाई : सोमवारी वर्गात एक तास घेतला मी. प्रत्येकानं आपल्या घरची एक रीत सांगायची. फिजीच्या मुलीनं दिवाळीचं सांगितलं, कुक बेटाच्या जुळ्यांनी गोधड्यांचं. लेसीएली आपणहून उभी राहिली. बाप गेल्यापासून पहिल्यांदाच बोलत होती, मला इतकं बरं वाटलं. म्हणाली, आमच्यात बाप गेला की त्याच्या स्वतःच्या मुलींचे केस आत्या कापते. तर तुवालूचा पेनी आहे ना, त्यानं विचारलं, मग तुझे का नाही कापले?

फुसी : आणि?

बाई : तिनं उत्तर दिलं नाही. मीच दिलं. म्हटलं, अरे, तिला नाचायचंय म्हणून. आणि पुढच्या मुलाला उभं केलं.

फुसी : बाई, जरा थांबा. "स्वतःच्या मुलींचे" म्हणाली?

बाई : हो. हाच शब्द. मला तेव्हा काही वाटलं नाही.

फुसी : अगं माझे आई.

बाई : काय झालं?

फुसी : ही माझ्या भावाच्या, टेविताच्या पोटची नाही, बाई. वहिनीच्या बहिणीची. तिकडे आमच्या वावाऊ बेटावर जन्मली, दीड महिन्याची असताना त्यानं मागून घेतली. विमानात मांडीवर घेऊन आला. आमच्यात हे घरोघरी असतं, कुणी लपवत नाही, कुणी बोलूनही दाखवत नाही. तिलाही पहिल्यापासून ठाऊक आहे. मला तर आठवणसुद्धा राहत नाही त्याची.

बाई : तिला राहिली.

फुसी : लेसी. ये गं बाहेर. मी ओरडणार नाही.

लेसी : तू ओरडलीस मघाशी.

फुसी : ते बाईंना ओरडले. तुला नाही. बरं, तू नको येऊ. मीच बसते इथं खाली. गुडघा दुखतो माझा, उठवायला मात्र तुलाच यावं लागेल. लेसी, त्या दिवशी तुझे केस का नाही कापले, असं तुला वाटतं?

लेसी : ठाऊक आहे मला.

फुसी : सांग तरी.

लेसी : तिथं रांग होती. सालोटे, मग मेलेआने. मग मी उभी राहिले. तू माझ्याकडे बघितलंस आणि कात्री पुसून ठेवलीस.

फुसी : हो. ठेवली.

लेसी : मग मला शेजारच्या घरी पाठवलं. तिथं पाहुण्यांची मुलं होती. त्यांच्यापण चटया माझ्यासारख्याच होत्या.

बाई : लेसीएली, बाळा, मी सांगितलं होतं आत्याला. तुला कुणी चिडवू नये म्हणून.

लेसी : मला कुणी नाही चिडवलं, बाई. मुलं म्हणतात, तुझे केस वाचले, तुझं नशीब चांगलं.

फुसी : मग आज स्वतःच कापलेस.

लेसी : पण स्वतः कापून होत नाही ना. आत्यानंच कापायला लागतात. मला ते नंतर कळलं, अर्धे झाल्यावर.

फुसी : ...बाई, मला जरा पाणी द्या.

बाई : हे घ्या.

फुसी : ऐक, लेसी. तुझ्या बापाला तिन्ही पोरींच्या वेण्या घालता येत नव्हत्या, एकीचीसुद्धा नव्हती येत. तरी रोज सकाळी कामावरून आला की तुझी घालायचा. वाकडी, एका कानावर आलेली. सगळं चर्च हसायचं.

लेसी : मी शाळेत येऊन सोडायचे आणि परत घालायचे. त्यांना सांगितलं नाही कधी.

फुसी : त्याला ठाऊक होतं. मलाच म्हणाला होता. त्या दिवशी तू समोर उभी राहिलीस आणि मला त्या वेण्या दिसल्या. माझ्यानं कात्री चालेना. बाई म्हणाल्या, नाच आहे, आणि मला आयतं कारण सापडलं. माझं दुःख मी वाचवलं आणि तुझं तुला मिळू दिलं नाही. परकी म्हणून नाही गं. देवाची शपथ.

लेसी : मग आता कापशील?

फुसी : परवा नाचता येणार नाही मग. सुतकातल्या लेकीनं तेल लावून, पिसं खोवून नाचायचं नसतं. मी मोकळीक दिली होती, ती परत घ्यावी लागेल. बापाची इच्छा होती, हे लक्षात ठेव आणि मग सांग.

लेसी : त्यांना बघायचं होतं. ते बघायला येणार असते तर मी नाचले असते.

फुसी : ...ये. इकडं पुढ्यात बस. माझी कात्री पिशवीतच आहे, त्या दिवसापासून बाहेर काढून ठेवायला हात धजत नाही.

बाई : मी बाहेर थांबू का?

फुसी : थांबा इथंच. कुणीतरी बघायला लागतं. मान खाली, लेसी. आणखी खाली. सालोटे बसली होती तशी.

लेसी : आत्या, तू रडतेस.

फुसी : रडू दे. हलू नकोस, वाकडे कापले जातील.

लेसी : वाकडेच चालतील.

बाई : परवा कार्यक्रमात तिला माझ्याजवळ बसवीन मी. पुढच्या रांगेत.

फुसी : बसवा. आणि घरी गेल्यावर ती चांगली चटई सोडायची, लेसी. आजीची आहे पेटीत, कडा पार झिजलेल्या. ती देते.

लेसी : सालोटेच्या चटईपेक्षा फाटकी?

फुसी : तिच्याहून फाटकी. चालताना पायात येईल.

लेसी : ती बांधून शाळेत येऊ? पेनी परत विचारेल.

फुसी : विचारू दे. त्याला सांग, माझा बाप गेला.