वसतिगृहाचा अर्ज

लातूरला क्लासच्या वसतिगृहाच्या रांगेत माझा नंबर दुसरा, म्हणून मी भलतीच खुशीत होते. पुढं औशाकडच्या सुमनबाई आणि त्यांची मनिषा अर्ज भरत होत्या.

“आई, वडील नसलेल्या मुलींना इथं फुकट राहता येतं.”

“ह्या फोटोतल्या म्हातारीला हार कशापायी?”

“वसतिगृह तिच्याच नावानं आहे. तिनं हातभट्टी लावली, आता नातवांचे दारूचे दोन कारखाने आहेत.”

“ठावं हाय मला. भूकंपानंतर आपण पत्र्याच्या शेडात होतो, तवा हिच्याच पोरानं तिथं दारूचं दुकान टाकलं. शाळा मागून आली. तुझा बाप तिथंच पिऊन पिऊन मेला.”

“हळू बोल ना. वडील कशानं वारले, ते अर्जात विचारलंय.”

“लिही की खरं.”

“मग जागा देतील का हे?”



“लिही, भूकंपात गेले.”