गणिताच्या तासाचा फळा

शाळेचं तुमी काढलंच, तर माहं बी आयका. माही पोरगी गावच्या सरकारी हायस्कुलात दहावीले आहे. नववीत असतानी गणिताच्या सरांची बदली झाली, तवापासून त्याईच्या जागी कोनी आलंच नाई. टाइमटेबलात तास आहे, घंटी वाजते, पोट्टे नुसते बसून राह्यतात.

परवा घरी अभिप्रायाचा फारम आला. वर पोरीनं लिहाचं, खाली बापानं. म्या खरं लिहाले पेन काढला, तं वर पोरीचं अक्षर दिसलं: ‘आमच्या शाळेत गणित खूप छान शिकवतात.’

माहं डोस्कंच सणकलं. म्हणलं, "कोन शिकवते वं तुले?"

"कोनी नाई."

"मंग हे काऊन लिहिलं?"

"हेडमास्तरांनी फळ्यावर लिहून देल्लं. साऱ्या वर्गानं उतरवलं."

"अन् तू बी उतरवलं? मार्चात बोर्डाची परीक्षा आहे तुही. एवढं खोटं लिहाले हात कसा वळला?"

पोरगी खाली पाहूनच बोलली, "बाबा, दीड वर्सात गणिताच्या तासाले फळ्यावर पयल्यांदाच काही लिहिलं होतं."