एका बाईच्या तीन जागा

मले चहा नोको व बाई, कालचाच पुरला. काल नगरपरिषदेत तलाव समितीची पहिली मिटिंग होती न. आमच्या घरचे पिढ्यान्‌पिढ्या त्याच तलावात मासे धरून राहिले, म्हनून मलेबी समितीत घेतलं. मी मोठ्या ऐटीत गेली. बाबूनं हजेरीचं रजिस्टर पुढं केलं.

"काकू, इथं सही करा. मासेमार प्रतिनिधी."

केली.

"आता इथं. महिला प्रतिनिधी."

केली.

"अन् इथं, ज्येष्ठ नागरिक."

"अरे, तीन-तीनदा काहून?"

"राखीव जागा तीन आहेत काकू. तुमी एकट्याच तिन्हीत बसता. मंग दोन खुर्च्या रिकाम्या झाल्या, त्याच्यावर अध्यक्षसाहेबाचा साळा अन् बोटीचा ठेकेदार घेतला."

मंग ठराव आला. तलावात मासेमारी बंद, बोटी चालू. अध्यक्ष, इंजिनियर, साळा, ठेकेदार, चौघांनीबी हात वर केले. विरोधात मी एकटी. बाबूनं लिहिलं, विरोधात एक.

"एक कायचा? तीन लिही."

अध्यक्ष हासले. "काकू, मत माणसाला एकच असतं."

"सही करताना मी तीन बाया होती, साहेब. हात वर करताना एकच कशी उरली?"

ठराव पास झाला. मंग चहा आला, तं बाबूनं खाली मान घालून माह्यापुढं तीन कप ठेवले.