बंद न करायची पिकअप

माझ्या पिकअपचा सेल्फ गेलाय, हे तुमाला म्हाईतच हाय. नवा घालायला हात पोचत न्हाई आन धक्क्याशिवाय ती चालू होत न्हाई. म्हणून घरून निघालो की दिवसभर मी ती बंदच करत न्हाई. परवा माजलगावला एक भाडं घ्यायला निघालतो. वाटेत दिंद्रुडला, आईनं दिलेली पापडाची पिशवी बहिणीला द्यायला थांबलो. गाडी दारात घुरघुरत ठेवली आन उंबऱ्यातच उभा राहिलो.

बहीण म्हणाली, "दादा, बस की घडीभर."

"न्हाई गं, गाडी चालू हाय."

"तुझी कायमच चालू असती."

मी पाणी पीत हुतो, पण कान सगळा बाहेर. तेवढ्यात घुरघुर थांबली. तिचे सासरे चावी बोटात अडकवून आत आले. "पाव्हणं, डिझेल उगंच जळत हुतं. बंद केली. बसा आता निवांत."

तांब्या ठिवून मी भाईर पळालो. गल्लीत धक्क्याला माणूस न्हाई, सगळे कापूस वेचायला गेलेले. माजलगावच्या माणसानं दोन फोन केले आन तिसऱ्याला दुसरी गाडी सांगितली. मी दारात येरझाऱ्या घालायचो, बहीण हाताला धरून आत आणायची. जेवलो, चहा झाला. लग्नाला सहा वर्सं झाली, तवापासून साठलेलं सगळं ती चुलीपाशी बोलली.

दिवस कलल्यावर माणसं आली. धक्का बसला, गाडी चालू झाली, आता थांबायची सोय न्हाई. आरशात बघतो तर ढकलणाऱ्यांत बहीण बी हाय. पळत पळत मागून ओरडली, "दादा, सेल्फ एवढ्यात दुरुस्त करू नको."