मगर नक्की दिसेल

—नाही हो, इंजिनाला काही झालेलं नाही, नावेत निवांत बसा साहेब. इंजिन माझ्यापेक्षा धडधाकट आहे. जरा थांबू म्हणतो, इतकंच. का म्हणजे? ऊन नको का वर यायला? मगर म्हणजे काय तुमच्या कंपनीतली नोकरदार आहे, ठरल्या वेळी हजर व्हायला? ऊन तापलं की ती समोरच्या त्या वाळूच्या बेटावर येऊन पडते. हां, तेच बेट, मधोमध. दुर्बीण आत्ता नका लावू, पाण्यावरची चमक डोळ्यांत जाते. चहा घ्या. जपून घ्या, तो मी केलाय. बायको कामाला गेलीय पलीकडे. काम झालं की पलीकडच्या काठावरून लाल पंचा हलवते, मग आपण निघायचं. एव्हाना हलवायला हवा होता. हलवेल. तुम्हाला दिसला का लाल काही? नाही ना? मलाही नाही.

हा धक्का एवढा उंच का, असं मघाशी शिडी उतरताना विचारलंत. सगळेच विचारतात. त्याचं असं झालं — पाहणीला सरकारी मंडळी आली ती ऐन पुरात. पाणी वरपर्यंत होतं. त्यांनी पाण्याच्या कडेला काठी रोवली आणि म्हणाले, इथे धक्का. आम्हीही टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोला! पूल झाल्यापासून आमची नाव बसून होती, कोणी काहीतरी बांधतंय याचाच आनंद. मग पाणी उतरलं आणि धक्का राहिला वर, गच्चीसारखा. आता पाहुणे शिडीने उतरतात. एखादी वजनदार पाहुणी आली की वर देव आणि खाली मी. पण ते सोडलं तर सोयी आहेत बरं का. स्वच्छतागृह आहे. त्याला कुलूप आहे. किल्लीवाल्याची बदली झालीय, पण तो चांगला माणूस आहे, विसरला असेल खिशात. आणि ‘नदी हेच आपले भविष्य’ असा मोठा फलक होता इथे. गेल्या पुरात वाहून गेला. भविष्य पुढे गेलं, आम्ही मागे राहिलो.

हसता काय! तुमच्या हातात आहे सगळं. तुमच्या कंपनीने इथे पाहुणे पाठवायला सुरुवात केली तर ही जागा उभी राहील. संध्याकाळी त्या वळणावरून नदी बघा एकदा, बोलायचं विसराल. मला तर रोज बघून सवय झालीय, तरी मी अधूनमधून विसरतो. पण हा हंगाम कोरडा गेला तर नाव विकायची, असं बायकोने ठरवलंय. मग लेकीच्या घरी जिन्याखालच्या खोलीत राहायचं. जावई सज्जन आहे, त्यातच तर अडचण आहे. सज्जन माणसाच्या घरी खोकायचं झालं तरी विचारून खोकावं लागतं. म्हणून म्हणतो, मगर बघितल्याशिवाय जाऊ नका. मगर नक्की दिसेल. आमच्या पत्रकावर तसं छापलंय.

काय? मी पाठवलेल्या फोटोंत ती हललेली दिसत नाही? अहो, मगर हलतच नाही, तीच तर तिची कला. आणि हलत नाही असं तरी कसं म्हणता? नीट बघा, या फोटोत तोंड पुलाकडे आहे, या फोटोत काठाकडे. रोज वेगळ्या दिशेला. बायको फिरवते ना — म्हणजे — चक्कर मारते तिकडे. पाहणी करायला... जाऊ दे. तुम्ही शहाणे आहात, चहाला नाव ठेवलं नाहीत, तुमच्यापासून काय लपवायचं? खऱ्या मगरी होत्या साहेब, शपथेवर सांगतो. वाळू उपसणारी यंत्रं आली आणि त्या गेल्या. रात्रंदिवस ती घरघर, मी मगर असतो तर मीही गेलो असतो. मग माझा मेव्हणा कामाला आला. नाटकांची सजावट करायचा तो, सिंहासनं, किल्ल्याचे बुरूज वगैरे. आत थर्मोकोल आणि बांबू, वर गोणपाट, त्यावर सिमेंटचा पातळ हात. डोळ्यांना गोट्या. इतकी हुबेहूब की मेव्हणाच रात्री तिच्याजवळ जायला घाबरला. पहिल्या दिवशी बांधायचं राहिलं, पाणी चढलं आणि बाईसाहेब निघाल्या तरंगत! खालच्या अंगाला बायका कपडे धूत होत्या. कपडे नदीत, बायका झाडावर. तेव्हापासून दोराने खुंटीला बांधतो. रोज सकाळी बायको पुलावरून पलीकडे जाते, तिथून गुडघाभर पाण्यातून बेटावर. दोर सोडायचा, मगर फिरवायची, परत बांधायची. काम म्हणाल तर काही नाही.

शिडीला आणखी पायऱ्या होत्या ना हो खाली? तुम्ही उतरलात तेव्हा? की मलाच वाटतंय?

तसं पाणी चढलं तर चांगलंच की — नावेला खडक लागत नाही. वर धरण आहे. शहरात पंखे जोरात फिरायला लागले की तिकडे वीज करायला दारं उघडतात. आधी भोंगा वाजवायचा नियम आहे. भोंगा बिघडलाय. नियम शाबूत आहे. सकाळीच बायको म्हणाली होती, पाण्याचा रंग बरा दिसत नाही, आज राहू द्या. मी म्हटलं, राहू द्या कसं? शहरातून माणूस येतोय, कालचे फोटो त्याने पाहिलेत, आज मगर त्याच कुशीवर दिसली तर काय म्हणेल? तिने पंचा खांद्यावर टाकला आणि गेली. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडते तेव्हा तिचं माझ्याकडे लक्ष असतं.

नाही, जाऊन बघून या असं कसं म्हणता? तुम्हाला घेऊन गेलो तर जवळून थर्मोकोल दिसणार — आता कळलंच आहे म्हणा तुम्हाला — आणि तुम्हाला इथे ठेवून गेलो तर परत येईपर्यंत तुम्ही गाडीत बसून निघून गेलेले. मग ती येऊन विचारणार, काय झालं? काय सांगू? तुझ्यामागे आलो आणि गिऱ्हाईक गेलं? तीच मला खाईल. ती पोहते तशी. बऱ्यापैकी. उथळ पाण्यात. बेट मघाशी एवढंच होतं का हो? तिथे झुडूप होतं एक. कुठे गेलं झुडूप?

बरं, लावा दुर्बीण, लावा. मगर दिसतेय? दिसणारच, सांगितलं नव्हतं? काय? हलली? नाही हो, चमकीमुळे तसं वाटतं. पोहतेय? कशी पोहेल, खुंटीला बांधलीय — ती सोडल्याशिवाय — पाठीवर काय आहे म्हणालात? लाल?

आणा इकडे. आणा म्हणतो ना!

धरलंय. धरलंय तिने. बिलगलीय पोरासारखी. अगं सोडू नकोस! शेपटीकडे सरक, शेपटीत बांबू आहे, मान धरू नकोस, मान नुसती थर्मोकोलची आहे! ऐकू जात नाही. कधी ऐकलंय माझं? साहेब, उठा. उठा, उतरा नावेतून. शिडी कशाला शोधताय? सरळ पाय टाका, धक्का आज बरोबर उंचीवर आलाय. फोटो? काढा, हवे तेवढे काढा, जगाला दाखवा, पत्रक फाडून टाका. फक्त आधी नावेचा तो दोर सोडा. दोर, साहेब, दोर!